आप्पा म्हणतात, ‘सोडव मला’

या आठवड्यातलं पत्र सांगली जिल्ह्यातल्या एका बाईंचं आहे. बरंच मोठं आहे, म्हणून थोडं आटोपशीर करून देते.

“ताई, माझे वडील ७१ वर्षांचे. हायस्कूलला गणित शिकवायचे. दोन वर्षांपूर्वी मोटर न्यूरॉन डिसीज निघाला, म्हणजे स्नायू हलवणाऱ्या नसा हळूहळू निकामी होतात तो. आधी उजव्या हाताची बोटं गेली, शर्टाची बटणं लावता येईनात, मग पाय. आता जीभ जड झालीय, चहाच्या घोटालाही ठसका लागतो. डोकं मात्र लख्ख. नातवाचं गणित अजून डोळ्यांनी तपासतात. रोज रात्री तीनच्या सुमाराला हाक मारतात. जाऊन बसले की म्हणतात, ‘सोडव मला.’ परवा म्हणाले, ‘विनोबांनी देह ठेवला तर तुम्ही हात जोडलेत. मी मागितलं की गप्प बसवता.’ दादा टोरांटोला असतो. तो म्हणतो, इकडे हे कायद्यानं मिळतं, तिकडे ओळखीतला एखादा डॉक्टर तयार होतो का बघ. आई हे ऐकलं की उठून देवघरात जाते. डॉक्टरांनी विचारलंय, श्वास अडला तर व्हेंटिलेटर लावायचा की नाही, ते घरात ठरवून ठेवा. कोणी ठरवायचं? आणि खरं सांगते, कधी कधी मलाच वाटतं, आता सुटावेत. त्यांच्यासाठी वाटतं की माझ्यासाठी, तेही कळत नाही. मी पापी आहे का?”

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. नाही. दोन वर्षं रात्रीची सलग झोप न मिळालेल्या माणसाला असं वाटणं हे पाप नाही, तो थकवा आहे. त्यावर अजून काही बोलायचंय, पण नंतर. आधी मला तुमच्या पत्रातली एक वेळ खटकली. तीन वाजता.

आप्पा दिवसा हे म्हणतात का? तुम्ही तसं लिहिलेलं नाही. दिवसा ते नातवाचं गणित तपासतात. या आजारात हातापायांसारखा छाती-पोटामधला पडदाही दुबळा होत जातो. बसलेलं असताना तो कसाबसा काम करतो. माणूस आडवा झाला की पोटातले अवयव वर सरकतात, श्वास पुरत नाही आणि झोप उडते. कूस बदलावीशी वाटते, पण ती बदलायला दुसरं माणूस लागतं. घशात लाळ साठते. घर झोपलेलं असतं. अशा वेळी ‘सोडव’ म्हणणारा माणूस जगण्यातून सोडव म्हणतोय की या कुशीवरून, हे मला इथे बसून सांगता येणार नाही. तुम्हालाही अंदाजानं सांगता यायचं नाही. त्यांनाच विचारावं लागेल, आणि तेही दुपारी, चांगली झोप झालेल्या दिवशी.

भीष्मांना इच्छामरणाचा वर होता हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. पण शरपंजरी पडल्यावर त्यांनी सगळ्यात आधी काय मागितलं, ते फारसं कोणी सांगत नाही. उशी मागितली. डोकं मागे लोंबत होतं. राजेलोक मऊ उशा घेऊन धावले, त्या त्यांनी नाकारल्या, आणि अर्जुनानं बाण मारून हवा तसा आधार दिला. मग पाणी. मरण हातात असलेल्या माणसानंही आधी उशी मागितली, आणि हवी तशीच मागितली.

म्हणून पहिलं काम उशीचं. डोक्याकडची बाजू वर होणारी खाट भाड्यानं मिळते. डॉक्टरांनी रात्री लावायच्या बायपॅप मशीनबद्दल, म्हणजे मास्कमधून हवा ढकलून श्वासाला मदत करणाऱ्या यंत्राबद्दल, काही सांगितलंय का? सांगितलं असेल आणि आप्पांनी मास्क भिरकावला असेल, तर मास्क बदलून बघा. पुष्कळांच्या नाकाच्या हाडावर तो घासतो आणि चामडी सोलवटते, म्हणून नको होतो. लाळ कमी करायला औषधं आहेत. श्वास कोंडल्याची जी भीती असते, तिच्यावर अगदी कमी मात्रेतलं मॉर्फिन जाणकार डॉक्टर देतात. मॉर्फिन म्हणजे शेवट, असा आपल्याकडे समज आहे, तो चुकीचा आहे. हे सगळं बघणारी वैद्यकाची वेगळी शाखाच आहे, पॅलिएटिव्ह केअर. मराठीत परिहार सेवा म्हणतात, पण तो शब्द दवाखान्यात कोणाला कळणार नाही, तुम्ही इंग्रजीच वापरा. केरळात १९९३ला कालिकतच्या मेडिकल कॉलेजात हे काम सुरू झालं आणि पुढे गावोगावचे लोकच घरी जाऊन रुग्णांचं बघायला लागले. आपल्याकडे मुंबईत बांद्र्याला १९८६पासून शांती आवेदना सदन आहे, पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र आहे, पण ही दोन्ही मुख्यतः कॅन्सरच्या रुग्णांसाठी. आप्पांसारख्यांची आबाळ होते ती इथेच. तरी न्यूरॉलॉजिस्टना स्पष्ट विचारा: “पॅलिएटिव्हच्या कोणा डॉक्टरकडे पाठवता का?” आपण विचारल्याशिवाय सहसा कोणी पाठवत नाही.

आता दादा.

त्यांना माझ्यातर्फे सांगा की ओळखीतला डॉक्टर शोधायचा नाही. त्यांचं दुःख खोटं आहे असं मी म्हणत नाही. बारा हजार किलोमीटरवरून वडिलांचा अडखळता आवाज ऐकणाऱ्या मुलाला काहीतरी करून टाकावंसं वाटतं, ते मला कळतं. पण त्यातून जे होईल ते तुमच्या अंगावर येईल, त्यांच्या नाही. भारतात माणसानं स्वतः मागितलं तरी त्याला मारणं हा सदोष मनुष्यवध आहे. संमती असली तर खुनाऐवजी ते कलम लागतं, एवढाच फरक. मरायला मदत करणं म्हणजे आत्महत्येला साहाय्य, त्याला दहा वर्षांपर्यंत कैद. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, चोरून केलेल्या गोष्टीत आप्पांचं मन अखेरच्या क्षणी फिरलं तर ते बोलायची सोय राहत नाही. त्यांची जीभ आधीच जड झालीय.

कॅनडात हे २०१६पासून कायदेशीर आहे, ही दादांची माहिती खरी. पण ते तिथल्या सरकारी आरोग्यसेवेला पात्र असणाऱ्यांसाठी. आप्पांना तिकडे नेऊन ते मिळणार नाही. आणि जिथे मिळतं तिथलंही थोडं ऐका. अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात १९९७पासून असा कायदा चालू आहे. सहा महिन्यांच्या आत मृत्यू अटळ आहे असं दोन डॉक्टरांनी म्हटलं, तर औषध लिहून मिळतं आणि ते रुग्णानं स्वतःच्या हातानं घ्यायचं असतं. तिथलं सरकार दरवर्षी अहवाल काढतं. औषध लिहून घेणाऱ्यांतले बरेच जण शेवटी ते घेतच नाहीत. घरात आहे, एवढ्यानंच त्यांचं भागतं. आणि मरण मागण्याची कारणं बघितली तर वेदना पहिल्या नंबरवर नाही. स्वतःचं स्वतःला काही ठरवता येत नाही, हे सगळ्यात वर. घरच्यांवर ओझं होतो, हेही पुष्कळांनी सांगितलेलं असतं.

हे ‘ओझं’ वाचलं की मी अडते. माझं मत विचाराल तर, आप्पांसारख्या शहाण्या, सावध माणसानं विचार करून मरण मागितलं, तर त्यात मला अनीती दिसत नाही. पण तोच कायदा आपल्या घरांत आला तर? जिथे आजारपणाचा मोठा खर्च घरच्यांच्याच खिशातून जातो, जिथे म्हातारीच्या औषधांचं बिल तिच्यादेखत मोठ्यानं वाचलं जातं, जिथे दोन सुना ‘या महिन्यात कोणाकडे’ म्हणून भांडतात? तिथे ‘मला सोडवा’ हे तिचं स्वतःचं मागणं असेल की तिला ऐकू आलेलं उत्तर असेल? मी वीस वर्षं ही पत्रं वाचतेय. मला खात्री नाही. म्हणून इंजेक्शन देण्याच्या हक्काला मी आज हो म्हणत नाही. उपचार थांबवण्याच्या हक्काला मात्र ठामपणे हो म्हणते. या दोहोंमधली रेघ मी आखते तेवढी जाड नाही, हेही मला माहीत आहे. नळी काढणाऱ्यालाही हात असतोच. माझ्या या मताचा फटका आप्पांसारख्यांना बसतो, याचं मला वाईट वाटतं, पण मत तेच आहे.

विनोबांच्या दाखल्यावर आप्पांना गप्प बसवू नका. गणिताच्या मास्तरांनी उदाहरण घातलंय, ते नीट सोडवून दाखवायला हवं. १९८२च्या नोव्हेंबरात पवनारला विनोबांना हृदयविकाराचा झटका आला. ते ८७ वर्षांचे होते. त्यांनी अन्न आणि औषध नाकारलं आणि १५ तारखेला, ऐन दिवाळीत, देह ठेवला. त्याआधी १९६६च्या फेब्रुवारीत सावरकरांनी असंच प्रायोपवेशन केलं होतं. जैनांमधल्या संथाऱ्यावर, म्हणजे मरेपर्यंतच्या उपासाच्या व्रतावर, राजस्थान हायकोर्टानं २०१५च्या ऑगस्टमध्ये बंदी घातली आणि त्याच महिन्यात सुप्रीम कोर्टानं तिला स्थगिती दिली. म्हणजे आपल्या परंपरेत हे नाही, असं कोणी म्हणू नये. आप्पांचा मुद्दा बिनतोड आहे, तो मान्य करा.

पण मग त्यांना एक उलट प्रश्न विचारा. विनोबा आश्रमात होते, भोवती माणसं होती, दिवसाउजेडी सगळ्यांसमोर ठरलं, आणि आपल्यामुळे कोणाची झोप मोडते या हिशेबाचा त्यात काही संबंध होता असं मी तरी कुठे वाचलेलं नाही. आप्पा, तुमच्या मागण्यात हा हिशेब किती टक्के आहे? मास्तरांना टक्क्यांत विचारलेलं आवडेल. आणि उत्तर काही का येईना, ऐकून घ्या. साठ म्हणाले तर रात्रीसाठी दोन महिने माणूस ठेवा आणि पुन्हा विचारा. दादांना पैसे पाठवायला सांगा, त्यांना काहीतरी करायचंच आहे. शून्य म्हणाले तर तेही खरं माना, ‘असं बोलू नये’ म्हणून वळवू नका. मन फार खचलेलं वाटलं तर मानसोपचाराच्या डॉक्टरांना घरी बोलवा. या आजारात नैराश्य येतं, आणि त्यावर उपचारही होतात. पण ‘डिप्रेशन आहे’ असं म्हणून त्यांचं सगळंच बोलणं बाद करू नका.

आता व्हेंटिलेटर. कोणी ठरवायचं, असं तुम्ही विचारता. आप्पांनी. दुसरं उत्तरच नाही, आणि ते द्यायला त्यांच्याकडे फार वेळही नाही.

माझ्या सासूबाई आयुष्यभर म्हणायच्या, “मला नळ्याबिळ्या लावू नका हं.” मटार सोलता सोलता म्हणायच्या. आम्ही ‘काहीतरीच काय’ म्हणून पुढची शेंग उचलायचो. २००९ मध्ये त्यांना एका खासगी इस्पितळात हलवलं. रात्री दोन वाजता एक पोरगेलासा डॉक्टर बाहेर आला आणि म्हणाला, “ट्यूब टाकायची का? पाच मिनिटांत सांगा.” बाकावर आम्ही सात जण. सात जणांत ‘नको’ कोण म्हणणार? यांनी सही केली. एकोणीस दिवस त्या व्हेंटिलेटरवर होत्या. नळी ओढतात म्हणून त्यांचे दोन्ही हात बँडेजच्या पट्टीनं खाटेच्या दांडीला बांधलेले होते. भेटीच्या वेळेत मी ती पट्टी थोडी सैल करून मनगट चोळायचे, आणि बाहेर जाताना पुन्हा बांधायचे. मीच बांधायचे. डॉक्टरांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. त्यांना ठाम सांगणारं कोणी नव्हतं आणि आमच्याकडे दाखवायला कागद नव्हता.

आज तो कागद करता येतो. यामागे मुंबईतलीच एक गोष्ट आहे. केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ला हल्ला झाला. त्यानंतर त्या तिथेच अंथरुणाला खिळून होत्या, त्यांना भान नव्हतं, बोलता येत नव्हतं. पत्रकार-लेखिका पिंकी विराणी यांनी त्यांच्यासाठी सुप्रीम कोर्टात धाव घेतली. ७ मार्च २०११ला कोर्टानं अरुणांच्या बाबतीत नकार दिला, कारण इतकी वर्षं त्यांचं करणाऱ्या केईएमच्या लोकांना त्या जगायला हव्या होत्या. पण त्याच निकालात, हायकोर्टाच्या परवानगीनं उपचार थांबवता येतील, असा रस्ता उघडला. अरुणा १८ मे २०१५ला न्यूमोनियानं गेल्या. त्या बेचाळीस वर्षांत त्यांना काय हवं होतं ते एकालाही माहीत नव्हतं, कारण पंचविशीतल्या नर्सला ते कोणी विचारत नाही.

मग ९ मार्च २०१८ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं सांगितलं की सन्मानानं मरणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, आणि माणूस आपली इच्छा आधी लिहून ठेवू शकतो. यालाच लिव्हिंग विल म्हणतात. सुरुवातीला त्यावर न्यायदंडाधिकाऱ्यांची सही लागायची, त्यामुळे कोणी त्या वाटेला जाईना. जानेवारी २०२३ मध्ये कोर्टानं ते सोपं केलं. आता दोन साक्षीदारांसमोर सही करायची आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून घ्यायचं. आपल्याला बोलता येईनासं झालं की आपल्या वतीनं कोण बोलेल, त्यांची नावं त्यात घालायची. एकापेक्षा जास्त घालता येतात. त्यात तुमचं नाव असेलच, पण दादांचंही घाला, नाहीतर ऐनवेळी टोरांटोहून फोन येईल. एक प्रत फॅमिली डॉक्टरांकडे, एक स्थानिक संस्थेच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे. मुंबईत हे काम महापालिकेच्या वॉर्डांमधल्या आरोग्य अधिकाऱ्यांकडे आहे. तुमच्याकडे कोण, ते महापालिकेत किंवा ग्रामपंचायतीत विचारा. पहिल्या खिडकीवर ‘असं काही नसतं’ हे ऐकायची तयारी ठेवा.

कागद असला म्हणून कोणी उठून प्लग काढत नाही, हे आईंना नीट समजावून सांगा. आजार बरा होण्याची आशा नाही आणि माणूस स्वतः ठरवण्याच्या अवस्थेत राहिलेला नाही, तेव्हाच तो कागद बाहेर येतो. मग इस्पितळातलं तीन डॉक्टरांचं मंडळ बघतं, त्यानंतर दुसरं तीन जणांचं मंडळ, त्यातला एक डॉक्टर जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी नेमलेला. दोन्ही मंडळांनी शक्यतो अठ्ठेचाळीस तासांत मत द्यायचं. अंमल करण्याआधी न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवायचं. मंडळानं नकार दिला तर हायकोर्ट आहे. आणि तोवर, म्हणजे आप्पा सावध आहेत तोवर, कागदाचीही गरज नाही. हा उपचार मला नको, असं ते स्वतः सांगू शकतात. तो त्यांचा हक्क आज, आत्ताही आहे.

पण कागदावर नुसतं ‘नळ्या नकोत’ लिहू नका. या आजारात प्रश्न वेगवेगळे येतात. गिळता येईनासं झालं की पोटातून नळी घालून अन्न द्यायचं का? बायपॅप चालेल, पण गळ्याला छिद्र पाडून कायमचा व्हेंटिलेटर नको, असं म्हणणारे पुष्कळ असतात. काही जण तोही घेतात आणि डोळ्यांनी बोलत अनेक वर्षं काढतात. न्यूमोनिया झाला तर इस्पितळात न्यायचं की घरीच ठेवायचं? न्यूरॉलॉजिस्टना तासभर वेळ मागा, आप्पांना चाकाच्या खुर्चीवरून घेऊन जा आणि प्रश्न त्यांना विचारू द्या. डॉक्टर तुमच्याकडे बघून बोलायला लागले तर तुम्ही आप्पांकडे बघत राहा, त्यांना कळतं. ‘आत्ता हो, पुढे मी सांगेन तेव्हा बंद’ हेही उत्तर असतं. श्वास कोंडू न देता, झोपेचं औषध देऊन मशीन काढायची पद्धत असते, ती कशी, हेही आप्पांसमोरच विचारा. श्वास कोंडून मरण्याची भीती या आजारात फार असते. कित्येकदा ‘सोडव’मध्ये मागणं असतं ते एवढंच, की तसं मरण येऊ देऊ नका. तसा शब्द डॉक्टरांनी दिला, तर तीन वाजताची हाक कदाचित बदलेल. थांबेलच, असं मी म्हणत नाही.

आईंना देवघरातून बाहेर ओढू नका. त्यांना एकच काम द्या: साक्षीदार म्हणून नाही, नुसतं सही होताना शेजारी बसायचं.

तुमच्याबद्दल. ‘त्यांच्यासाठी की माझ्यासाठी’ हे वेगळं करत बसू नका, ते वेगळं होत नाही. मी सासूबाईंच्या वेळी करून पाहिलं. आठवड्यातल्या दोन रात्री तुम्ही दुसऱ्या खोलीत, दार लावून झोपायचं, आप्पांजवळ दुसरं कोणी. स्वतःच्या मनात भलतेसलते विचार यायला लागले तर टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे, मराठीत बोलता येतं, फुकट आहे, रात्रीही लागतो.

आणि नोटरीची वेळ याच पंधरवड्यात ठरवा. तो घरी येतो का, सही जमली नाही तर अंगठा चालेल का, हे आधी फोनवर विचारून घ्या. त्याच दिवशी आप्पांचं म्हणणं त्यांच्या आवाजात मोबाइलवर रेकॉर्ड करा. समजायला जड जात असलं तरी करा. बाराखडीचा एक मोठा तक्ताही करून ठेवा. बोट फिरवत जायचं, हव्या अक्षरावर ते डोळे मिटतील. आत्तापासून सवय केली तर पुढे अडणार नाही. आज रात्री तीन वाजता मात्र एवढंच करा: पाठीमागे अजून एक उशी घाला, कूस बदला, तोंड पुसा, आणि दहा मिनिटांनी विचारा, “आप्पा, आता?” काय म्हणाले ते मला लिहा.